पाचवी ओंजळ

पडद्यावरचं वटवाघूळ तिसऱ्यांदा त्याच खांबाला धडकलं आणि फ्रँकफुर्टजवळच्या एश्बॉर्नचं ते भाड्याचं सभागृह खो खो हसलं. उल्का सगळ्यांत मोठ्यानं हसली.

"अहो, दार बघा, पुन्हा करकरलं," ती नवऱ्याच्या कानाशी पुटपुटली.

"त्या बिजागरीला कुणीतरी तेल घाला रे," पद्माकर म्हणाला. तो कारच्या दरवाजांचा इंजिनिअर. त्याला भुतापेक्षा दाराचंच वाईट वाटत होतं.

उल्काच्या जिवाला थंडावा मिळत होता. तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपती अंकात या सिनेमाचं परीक्षण तिनंच लिहायचं होतं, आणि पहिलं वाक्य तिनं घरून, बाड हॉम्बुर्गहून निघतानाच गाडीत जुळवून ठेवलं होतं. 'साफ निराशा.' चातुर्मासात कुणाची निंदा करायची नाही, असा तिचा यंदाचा नेम होता. पण परीक्षण म्हणजे काही निंदा नव्हे, असं तिनं मनाला समजावलं होतं.

सिनेमा होता 'ओटीवाली' या भयपटाच्या आधीची गोष्ट. पहिल्या भागात नव्या नवरीची ओटी भरून तिचा जीव घेणारी हडळ होती. ती जिवंतपणी कोण होती, ते या भागात कळणार होतं. ती भूमिका केली होती उल्काच्या जुन्या मैत्रिणीनं, कादंबरीनं.

कादंबरी आणि उल्का पुण्यात एकाच नाटकमंडळीत होत्या. बारा वर्षांपूर्वी राज्य स्पर्धेच्या नाटकातली मुख्य भूमिका उल्काची होती. तालमी अर्ध्यावर आल्या आणि लग्न ठरलं, व्हिसा आला. भूमिका कादंबरीकडे गेली. तिला पहिलं बक्षीस मिळालं, मग मालिका, मग सिनेमे. प्रत्येक वेळी उल्का फोन करून अभिनंदन करायची, आणि त्या दिवशी तिच्या भाजीत हमखास मीठ जास्त पडायचं.

पडद्यावर आता ऐन चाळीस सालच्या कोकणात, माडांच्या मागे, मोबाइलचा टॉवर दिसला. पुन्हा हशा. आणि त्या हशातच कादंबरी चौकटीत आली.

ती निपुत्रिक थोरली जाऊ होती. धाकटीला दिवस गेले होते. थोरली ताट घेऊन आली, पाट मांडला, कुंकू लावलं, खणनारळ पदरात घातला. ओठांवर हसू होतं. अगदी घरच्या थोरल्या बाईचं, मायेचं. ओंजळीनं तांदूळ घालू लागली. एक. दोन. संगीत थांबलं होतं, दार करकरत नव्हतं. तीन. चार. पाचव्या वेळी ओंजळ उघडली, पण बोटं पुरती सुटली नाहीत. थोडे तांदूळ तिच्या तळहातातच राहिले. ते तिनं हळूच परत ताटात सोडले, आणि तशीच हसत म्हणाली, "अष्टपुत्रा हो."

कुणी हसलं नाही. मागच्या रांगेत एक बाई "अगं बाई" म्हणाली, बस्स. पद्माकरनंही दाराकडे बघायचं सोडलं.

उल्कानं मांडीवरचे तळहात उलटे करून पाहिले.

दोन वर्षांपूर्वी कादंबरी एका महोत्सवासाठी फ्रँकफुर्टला आली होती. चार दिवस उल्काकडे राहिली. निघताना उल्कानं तिची ओटी भरली. हसत भरली. आणि पाचव्या ओंजळीला बोटं पुरती सोडली नाहीत. का, ते तिला तेव्हाही सांगता आलं नसतं. कादंबरी तर मान खाली घालून पदर सावरत होती. पण त्या दिवसापासून रोज देवाला अक्षता वाहताना उल्काचा हात अडखळायचा.

म्हणजे कादंबरीनं ते पाहिलं होतं. पाहिलं, लक्षात ठेवलं, आणि हडळ करून पडद्यावर मांडलं.

पुढचा तासभर सिनेमा पुन्हा पडला. वटवाघळं आली, दारं करकरली. पण कादंबरी पडद्यावर असली की कुणी हूं की चूं करत नव्हतं. दिवे लागले तेव्हा टाळ्या थांबेनात.

"अहो, निघू या का? डोकं दुखतंय."

"अगं, आता? तुझी मैत्रीण स्काइपवर येतेय की. परीक्षण कोण लिहिणार?"

मंडळाच्या मोहननं तोवर पुणं जोडलंही होतं. कादंबरीचा चेहरा पडदाभर थरथरला आणि स्थिर झाला. साधा सुती कुर्ता, केसांत पांढरी बट.

पहिल्याच रांगेतल्या वसुधाताईंनी माइक घेतला. "ते तांदूळ हातात ठेवणं, अंगावर काटा आला हो. गोष्टीत लिहिलेलं होतं का?"

"नाही. 'ओटी भरते', एवढंच लिहिलं होतं."

"मग तुम्हाला कुठून सुचलं?"

"तिथं माझी एक मैत्रीण बसली असेल. उल्के, मला दिसत नाहीयेस, पण आहेस ना गं?"

माना वळल्या. पद्माकर कौतुकानं हसला. मोहन माइक घेऊन धावतच आला. उल्कानं तो घेतला.

"ही जर्मनीला निघाली, तेव्हा ओटी मी भरली होती," कादंबरी सांगत होती. "हिची भूमिका मला मिळाली होती. पण तालमीत रोज कुणी ना कुणी म्हणायचंच, उल्काची सर नाही. जाता जाताही ही सगळं घेऊन चाललीय असं वाटलं मला. पाचव्या ओंजळीला माझी बोटंच सुटली नाहीत. बारा वर्षं झाली, कुणाला सांगितलं नव्हतं. उल्के, तुझ्या ओटीतले तांदूळ माझ्या हातात राहिले गं."

उल्कानं माइक तोंडाशी नेला.

"तुझे माझ्याकडे आहेत," ती म्हणाली.