पेन्सिलचं टोक

कट्! तिनं कांडीवर टेकवून पेन्सिलचं टोक मोडलं. पडद्यावरची रेघ टुणकन उडाली.

"अहो मॅडम, सिमेंट कसं तडकतं ते बघायला बोलावलंत आणि पेन्सिली काय मोडत बसलाय!" हाडांचे डॉक्टर हसले. खुब्याचा नवा सांधा हाडात घट्ट बसवायला जे सिमेंट भरतात, त्याचीच ती कांडी होती.

तीही हसली. आज तिच्याशी बोललेलं पहिलं माणूस हेच. एरवी या बंद खोलीत ती आणि यंत्र. यंत्र कांडी वाकवायचं, सोडायचं, पुन्हा वाकवायचं. आत बारीक चीर पडली की आवाज होतो, पण आपल्या कानांना तो कुठला ऐकू यायला! म्हणून कांडीला बटणाएवढा सेन्सर चिकटवलेला. तो ऐकतो, पडदा दाखवतो.

बाबांच्या खुब्यातही हेच सिमेंट होतं. आई गेल्यापासून ते गावच्या घरी एकटेच. आणि रोज नेमका भर कामात त्यांचा फोन. "चिमे, साखरेचा डबा कुठं असतो गं?" "चिमे, गॅसवाल्याचा नंबर दे." "चिमे, रिमोट चालेना बघ." मागे एकदा यंत्र चालू असतानाच फोन थरथरला आणि अख्खी चाचणी वाया गेली. ती कडाडली, "बाबा, सेल बदला ना रिमोटचे! आणि महत्त्वाचं काही असेल तरच फोन करत जा हो!"

"बरं," बाबा म्हणाले. त्यानंतर फोन आलाच नाही. आधी तिला हुश्श झालं. मग हळूहळू खोली खायला उठली. आपणच करावा म्हटलं, तर बोलायचं काय? महत्त्वाचं तिच्याकडेही काही नव्हतं.

"सांगा की, का मोडता ते?" डॉक्टरांनी पुन्हा विचारलं.

"चाचणीआधी आपणच एक खोटा आवाज करून बघायचा असतो. ऐकणारं जागं आहे ना, एवढंच कळायला. नाहीतर कांडी आतून मोडत जायची आणि आपण म्हणायचं, वा, किती शांत आहे!"

बोलता बोलता तिची जीभ अडखळली. साखरेचा डबा. गॅसवाल्याचा नंबर. रिमोट. तिला एकदम रडूच आलं. "आलेच हं," म्हणत ती फोन घेऊन जिन्यात गेली.

"काय गं, काय झालं?" बाबा घाबरलेच.

"काही नाही हो बाबा. रिमोट चालतोय का, ते विचारायला केला."

पलीकडे टीव्हीवर बातम्या चालल्या होत्या. झटकन गाणं लागलं, मग मॅच, मग आवाज एकदम बारीक झाला.

"कुठला चालतोय, चिमे," बाबा म्हणाले. "तसाच बंद पडलाय बघ."