आठातल्या दोन बादल्या

“माशांच्या पेटीतून दोनच बादल्या काढायच्या. आठातल्या दोन. तिसरीला हात लावलास तर मासे आडवे होतील, आणि त्यांच्याबरोबर मी पण,” ताई म्हणाली.

“चौथा रविवार हेच ऐकतेय,” वहिनी म्हणाली. “झोपेतपण बादल्याच मोजते मी. तुमचा भाऊ हसतो मला.”

“हसू दे. आणि नळाचं ताजं पाणी नाही घालायचं. ड्रममधलं, काल भरून ठेवलेलं. रात्रभरात त्यातलं क्लोरीनचं औषध उडून जातं, नाहीतर मासे मरतात.”

ताईला उद्या सकाळच्या गाडीनं निघायचं होतं. लांबच्या शहरात मुलींच्या हॉस्टेलवर नोकरी, राहायला स्वतःची खोली. आई गेल्यापासून सहा वर्षं ती या घरात खिळ्यासारखी ठोकलेली होती. स्वयंपाक, आप्पांच्या गोळ्या, आणि बाहेरच्या खोलीतली ती काचेची पेटी. मासे आप्पांचे, पाणी ताईचं. आप्पा फक्त खुर्ची ओढून तासन्‌तास बघत बसायचे. दोघांतल्या मोठ्या माशाला ते शेठ म्हणायचे आणि लहानीला शेठाणी.

नोकरीचं पत्र आलं तेव्हा आप्पांनी पेपरातून डोकंसुद्धा वर काढलं नव्हतं. “सूनबाईच्या हाताखाली महिनाभर मासे जगले तर जा. नाही जगले तर विषय बंद.”

आप्पांनी बंद केलेला विषय या घरात आजवर कोणी उघडला नव्हता.

आज महिन्याचा शेवटचा दिवस होता. ताई इस्त्रीचे कपडे आणायला गेली आणि तासाभरानं परत आली.

“झालं पाणी?”

“झालं,” वहिनी म्हणाली. भांडी घासताना तिनं मान वर केली नाही.

जेवायला बसल्यावर ताईला दिसलं, आप्पांच्या सदऱ्याची बाही कोपरापर्यंत ओली.

“हात धुतलेत की आंघोळ केलीत?”

“जेव गुपचूप,” आप्पा म्हणाले.

दुपारी सगळे आडवे झाले. ताईला काही झोप येईना. बॅग भरून दाराशी ठेवली होती, ती दोनदा उघडून परत बंद केली. मग ती मोरीत गेली. ड्रम काठोकाठ भरलेला.

ड्रममध्ये चार बादल्या मावायच्या. दोन वापरल्या असत्या तर तो अर्धा असता. ताईच्या डोक्यात सणक गेली. झालं म्हणे! बोटसुद्धा भिजवलं नाही बयेनं.

पण भांडली असती तर आप्पा उठले असते. तिनं दात आवळले, नळी लावली, पेटीतलं दोन बादल्या पाणी काढलं. ड्रममधलं दोन बादल्या घातलं. थेंबभरही सांडू दिलं नाही.

साडेचारला शेठ वर आला आणि तोंड वासून पाण्याबाहेरची हवा ओढायला लागला. शेठाणी कोपऱ्यात तिरकी पडली होती. पाच वाजता दोघंही संपले.

“काय घातलंस तू यात?” ताईनं वहिनीचा दंडच धरला. “पाणी बदललं नव्हतंस ना?”

“बदललं होतं, ताई. दोन बादल्या. ड्रम अर्धा उरला होता.”

“आणि मग आपोआप भरला? पान्हा फुटला त्याला?”

वहिनी रडायला लागली. ताई तिच्याकडे न बघता आत गेली आणि हॉस्टेलच्या बाईंना फोन लावला.

“मी येत नाही. घरी अडचण आहे.”

“नक्की ना? यादीतल्या दुसऱ्या मुलीला लगेच कळवते मग. नंतर फिरवता येणार नाही.”

“कळवा,” ताई म्हणाली. तिनं बॅग उचलून पलंगावर पालथी केली. सहा वर्षांत घेतलेले चार चांगले ड्रेस घड्या मोडून पडले.

बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग आप्पा तिच्या दारात येऊन उभे राहिले. चष्मा हातात.

“सूनबाईवर ओरडू नकोस. ड्रम मी भरला, नळानं,” ते म्हणाले. “तिनं दोनच बादल्या बदलल्या. मला त्या कमी वाटल्या. शेवटच्या दिवशी घोळ नको म्हणून मी आणखी दोन बदलल्या, कुणाला कळू नये म्हणून ड्रम भरून ठेवला.”

ताईनं बोटांवर मोजलं: वहिनीच्या दोन, आप्पांच्या दोन, आणि तिच्या स्वतःच्या दोन, त्याही ताज्या नळाच्या.

“मासे काय, दुसरे आणू,” आप्पा म्हणाले. “भर ती बॅग परत. सकाळी मी येतो स्टेशनवर सोडायला.”