प्रस्ताव खाली वळवला

"'तिने त्याचा प्रस्ताव खाली वळवला,'" डॉ. वात्सुलिकांनी उत्तरपत्रिकेतलं वाक्य मोठ्याने वाचलं आणि चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं. "खाली म्हणजे नेमका कुठे हो? तळघरात?"

विभागाच्या खोलीत हशा पिकला. हसणं भागच होतं. जो हसत नसे, त्याची पाळी पुढच्या वेळी येई. चेक देशातल्या ओलोमोउत्सच्या विद्यापीठात इंग्रजीचं चेकमध्ये भाषांतर शिकवता शिकवता वात्सुलिकांचे केस पिकले होते, पण दुसऱ्याची चूक सापडली की चेहरा अजून पोरासारखा खुलायचा. 'टर्न डाउन' म्हणजे नाकारणं. 'पुट डाउन द डॉग' म्हणजे म्हाताऱ्या कुत्र्याला इंजेक्शन देऊन सोडवणं. त्याला उचलून जमिनीवर ठेवणं नव्हे. असल्या जोडशब्दांवर भलेभले घसरून पडतात. पडलेल्याला उठवणं हे वात्सुलिकांचं काम होतं, पण त्यांना आवडायचं ते पडताना बघणं.

"यापेक्षा आमच्या रादकाबाई बऱ्या," ते म्हणाले. झालं, न्याहारीची गोष्ट सुरू.

खिडकीपाशी उभी असलेली रादका शिमोनोवा त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. आता त्यांच्याच हाताखाली शिकवायची. कॉलेजात असताना ती पहिल्यांदा लंडनला गेली होती. घरमालकीण रोज सकाळी विचारायची, "ब्रेकफास्ट?" भुकेली रादका खुशीत म्हणायची, "नो, नो!" चेक माणूस बोलण्याच्या ओघात 'हो, हो तर' म्हणायला 'नो'च म्हणतो, लहानपणापासून ते तोंडात बसलेलं असतं. मालकीण बशी उचलून घेऊन जायची.

"आठवडाभर उपाशी!" वात्सुलिक टेबलावर थाप मारून म्हणाले. "एवढासा शब्द. तोही कळला नाही, आणि या बाई पुढे भाषांतरकार झाल्या."

रादकाने पुस्तकं उचलली. "दरवर्षी सांगता सर, तरी शिळी होत नाही," एवढं म्हणून ती तासाला निघून गेली.

तेवढ्यात वात्सुलिकांचा फोन वाजला. नंबर लंडनचा होता. ते लगबगीने आपल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. इंग्रजीतल्या या अवघड जोडशब्दांचा मोठा इंग्रजी-चेक कोश तिथल्या एका प्रकाशनाकडून निघणार होता. संपादक कोण, एवढंच ठरायचं राहिलं होतं. याच वर्षी ते निवृत्त होणार होते. जन्मभर दुसऱ्यांच्या पुस्तकांवर लाल रेघा मारल्या, स्वतःच्या नावाचं एकही पुस्तक नाही. हा कोश हातचा गेला असता तर त्यांच्यामागे उरणार होती फक्त न्याहारीची गोष्ट.

पलीकडच्या बाई म्हणाल्या, समितीचं एकमत झालंय. तुम्ही हे काम अंगावर घ्याल का?

वात्सुलिकांनी घोकून ठेवलेली इंग्रजी वाक्यं कुठल्या कुठे गेली. होकार थेट पोटातून आला, तोही तीनदा. बाईंनी जरा चकित होऊन विचारलं, "हे अगदी नक्की?"

"अगदी नक्की," ते खणखणीत इंग्रजीत म्हणाले.

बाईंनी थोडक्यात आभार मानून फोन ठेवला. इंग्रज माणूस भावना दाखवत नाही, हे वात्सुलिकांना ठाऊक होतं. ते वर्गातही सांगायचे.

बाहेर येऊन त्यांनी कपाटातली घरची प्लमची दारू काढली. विभागाच्या कारकून झ्देनाबाईंना खाली पिटाळून बटाट्याचं सॅलड आणि हॅम लावलेले पावाचे तुकडे मागवले. "कशाबद्दल हो, सर?" त्यांनी विचारलं.

"सगळे जमू देत. मग सांगतो."

पेले भरून झाले आणि रादका दारात आली. हातात फोन, चेहरा पांढराफटक.

"सर, लंडनहून फोन होता. कोशाचं काम मला दिलंय."

"तुम्हाला?" वात्सुलिक मोठ्याने हसले. "अहो बाई, पुन्हा काहीतरी भलतंच ऐकलंत. काय म्हणाले ते शब्दाला शब्द सांगा."

"तिथल्या बाई म्हणाल्या, पहिली पसंती डॉक्टर वात्सुलिक. पण त्यांनी प्रस्ताव टर्न डाउन केला." तिने हातातल्या फोनकडे पाहिलं. "मी म्हटलं, शक्यच नाही. तर त्या बाई म्हणाल्या, एकदा नाही, तीनदा सांगितलं त्यांनी. नो, नो, नो. आणि वर म्हणाले, अगदी नक्की."

वात्सुलिकांच्या हातातली दारू बाहीवर सांडली. लंडनला एक फोन केला असता तर कोश अजून परत मिळत होता. फक्त त्या बाईंना समजावून सांगावं लागलं असतं, की मी 'हो' म्हणत होतो. आणि मग ते या खोलीलाही कळलं असतं. दरवर्षी कोणीतरी याच टेबलावर थाप मारून ती गोष्ट सांगितली असती, आणि सगळे हसले असते. हसायला त्यांनीच तर शिकवलं होतं.

झ्देनाबाईंचे डोळे मात्र भरून आले. "म्हणजे हे पेले रादकासाठी? सर, तुम्ही तिच्यासाठी एवढं मोठं काम सोडलंत?"

वात्सुलिकांनी पेला वर केला.

"नो," ते म्हणाले. चेकमध्ये.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी त्यांची पाठ थोपटली. रादकाने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि हळूहळू तिच्या सगळं लक्षात आलं. मग तिने टेबलावरची पावाची ताटली उचलली, त्यांच्यापुढे धरली आणि फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं इंग्रजीत विचारलं,

"ब्रेकफास्ट, सर?"