अकरा वाडगे

इन्सुलिन वाढवूनही आमच्या कुत्रीची साखर उतरत नव्हती. पोट सुटलं, केस विरळ झाले, डोळ्यांत पांढरा पडदा आला. "रोज पाणी किती पिते?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "पाच वाडगे," मी नेहमीसारखं सांगितलं आणि नातीची वही पुढे केली. वाडगे मोजून लिहायला मीच तिला शिकवलं होतं. त्यांनी पानं उलटली. प्रत्येक पानावर पेन्सिलीचे अकरा खोडून लाल शाईत पाच केले होते. "हे कुणी केलं?" "मीच. औषध चालू असताना एवढं कसं पिईल? वाटलं, पोर मोजायला चुकतेय." "मास्तर, मधुमेहाआड कुशिंग नावाचा दुसरा आजार दडलाय. त्यामुळे इन्सुलिन लागू पडत नाही, तहानही भागत नाही. हे अकरा वेळीच कळले असते, तर डोळे वाचले असते." शेजारी उभ्या नातीनं कंपासपेटीतला खोडरबर माझ्या हातात ठेवला. "आजोबा, चुकलं की पुसायचं." लाल शाई पुसली जाईना.