गाइड रेलचे छर्रे

घरी बांधायच्या यंत्रासाठी हवी तशी जाडजूड गाइड रेलची, म्हणजे यंत्राचा भाग सरळ रेषेत सरकवणाऱ्या पोलादी दांड्यांची, जोडी सोपानराव सुतारांना अखेर मुश्ताकभाईंच्या भंगारवखारीत सापडली. तिच्या शोधात पंधरा दिवस त्यांचा पाय घरात ठरला नव्हता. रेलवरचा सरकता ठोकळा, म्हणजे ब्लॉक, त्यांनी बोटाने ढकलला. कीर्तनातल्या तानेसारखा तो अलगद सरकत गेला, सोपानरावांचं भान हरपलं आणि ब्लॉक टोकावरून सुटला! त्याच्या पोटातले पोलादी छर्रे फरशीभर उधळले.

"अहो काका, टोकाशी अडवायचा असतो तो!" मुश्ताकभाई ओरडले. " संध्याकाळी एक शेठ ही जोडी न्यायला येणार आहेत. आता काय दाखवू त्यांना?"

ओशाळलेले सोपानराव गुडघ्यांवर बसून छर्रे वेचू लागले. मुश्ताकभाईंनी ब्लॉकच्या खाचेत ग्रीस भरलं. एकेक छर्रा त्यात चिकटवायचा होता; पण सोपानरावांच्या थरथरत्या बोटांतून तो पुन्हापुन्हा निसटत होता.

"या हातांनी काय बनवता, काका?"

"वीणा बनवायचो. आमच्या कीर्तनकार बुवांची अर्धीच कोरून झालीय. हात ऐकेनात, म्हणून तर हे कोरायचं यंत्र."

मुश्ताकभाईंनी उरलेले छर्रे स्वतः बसवले, ब्लॉक रेलवर चढवला आणि ग्रीसच्या हातानेच फोन लावला.

"शेठ, येऊ नका. जोडी गेली."