ऐकण्याचा तास

भोपाळच्या साकेत नगरात राहणाऱ्या सुलभाताई तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झाल्या होत्या. हिंदी घरातून आलेल्या सुनेला, दीपशिखाला, मराठी यावं म्हणून त्यांनी बी.एड.च्या सगळ्या पद्धती तिच्यावर चालवल्या. फ्रिजवर तक्ते लावले, घरात हिंदीला बंदी केली. सहा महिन्यांनीही सून "हो आई"च्या पुढे सरकेना.

मग त्यांनी तो नाद सोडला. रोज दुपारी हॉलमध्ये बसून, फोन कानाला लावून, नागपूरच्या बहिणीला हाक मारत सुनेच्या तक्रारी सांगू लागल्या. तिच्या जाड पोळ्या, तिच्या आईचा आगाऊपणा. दीपशिखा आतल्या खोलीत कान टवकारून बसायची आणि अडलेला शब्द मोबाइलवर शोधायची.

महिन्याभराने ती तणतणत बाहेर आली.

"माझ्या आईला आगाऊ म्हणायचं काही कारण नाही. आणि पोळ्या जाड वाटत असतील, तर उद्यापासून तुम्हीच लाटा."

सुलभाताईंनी फोन कानाला तसाच धरून मान डोलावली. "उच्चार स्वच्छ. वाक्यंही पूर्ण."



तेवढ्यात कानाला धरलेला तोच फोन वाजला. त्यांनी तो उचलताच नागपूरच्या बहिणीने विचारलं, "अगं, महिनाभर तुझा एक फोन नाही, बरी आहेस ना?"