पूर्ण बाहीचा शर्ट

एवढ्या उकाड्यात पूर्ण बाहीचा शर्ट घालून जेवणाऱ्या नवऱ्याकडे बघत बायकोनं विचारलं, “कंपनीत माणसं कमी करणार म्हणे. तुमचं काय?” “माझ्याशिवाय साहेबांचं पान हलत नाही,” तो म्हणाला. खरं तर साहेबांनीच त्याला नारळ दिला होता. रोज डबा घेऊन तो मित्राच्या गॅरेजात जायचा आणि पूर्वीसारख्या ऑर्डरच्या सुऱ्या घडवायचा. इतक्यात पेला कलंडला. बायकोनं भिजलेली बाही वर सारली. हात कोपरापर्यंत गुळगुळीत! नव्या सुरीची धार तो हातावरचे केस भादरून तपासतो, हे तिला लग्नापासून ठाऊक होतं. “दुसरा दाखवा.” तोही तसाच. “एवढ्या सुऱ्या खपतात?” “खपतात गं, पण आता हातच संपले,” तो पुटपुटला. तिनं लगेच अस्वलासारख्या केसाळ भावाला फोन लावला, “दादा, महिनाभर राहायला ये. आणि येताना अर्ध्या बाहीचे शर्ट आण.”